सायलेन्सरवर आलेला आळ

कुपवाड एमआयडीसीच्या आसपास, मिरज रस्त्याला किंवा सांगलीत विश्रामबागेकडं, कुठल्याही गॅरेजात विचारा, उत्तर एकच मिळतं. फ्री फ्लो सायलेन्सर टाकला की गाडी ‘लीन’ होते, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त. मग कार्बोरेटरमधला, पेट्रोल सोडणारा जेट मोठा टाकावाच लागतो, नाही टाकला तर पिस्टन गेलाच म्हणून समजा. हे इतक्या ठामपणे सांगितलं जातं की शंका काढणाराच अडाणी ठरतो. माझं म्हणणं असं की कार्बोरेटरच्या चार-स्ट्रोक गाडीबाबत या विधानाचा पहिला भाग बहुतेक चूक आहे. दुसरा भाग अलीकडं बरोबर येऊ लागलाय, पण ज्या कारणानं येतो त्याचा सायलेन्सरशी काही संबंध नाही.

खंडन करायचं तर समोरच्याचं म्हणणं आधी त्याच्या सगळ्यात भक्कम रूपात मांडावं, अशी आपल्याकडची शिस्त आहे. शेजारच्या साताऱ्यात, वाईच्या प्राज्ञपाठशाळेत, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी याच शिस्तीत घडले. गॅरेजातल्या वादाला ती लावायला हरकत नसावी.

तर पूर्वपक्ष असा. इंजिन म्हणजे हवेचा पंप. कंपनीच्या सायलेन्सरमध्ये जाळ्या, पडदे, कप्पे आणि नव्या गाडीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. त्यातून धूर अडखळत बाहेर पडतो. जाळी काढली किंवा पंजाबी, इंदोरी सायलेन्सर बसवला की धुराला वाट मोकळी होते, सिलिंडर जास्त रिकामा होतो आणि पुढच्या घासात जास्त हवा आत येते. पेट्रोल मात्र जेटच्या भोकाएवढंच. म्हणून मिश्रण पातळ होतं. त्याची लक्षणं कुणालाही दिसतात: रेस सोडली की गाडी फटाके मारते, बेंड पाइप निळा पडतो, प्लग पांढरा निघतो. जेट एक-दोन नंबरनं वाढवला की गाडी सुधारते. शिवाय वीस-वीस वर्षं हात काळे केलेल्या मिस्त्रींचा अनुभव या बाजूला आहे आणि अनुभवाला उडवून लावता येत नाही.

या मांडणीतली खरी गोम ‘पेट्रोल मात्र तेवढंच’ या चार-दोन शब्दांत आहे. ते कुणी तपासत नाही.

कार्बोरेटर पेट्रोल मोजून टाकत नाही. हवा ते ओढून घेते. मधल्या चिंचोळ्या भागातून हवा जोरात गेली की तिथला दाब उतरतो. खालच्या वाटीतल्या पेट्रोलवर मात्र बाहेरच्या वातावरणाचा दाब असतो. या दोन दाबांतल्या फरकानं पेट्रोल जेटमधून वर चढतं. हवा वाढली की फरक वाढतो आणि फरक वाढला की पेट्रोलही वाढतं. हवा आणि पेट्रोल दोन्ही त्या फरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाहतात, त्यामुळं त्यांचं आपसातलं प्रमाण पहिल्या हिशेबात जिथल्या तिथं राहतं. म्हणूनच तर हे साधंसुधं यंत्र रिकाम्या रस्त्यावर आणि डबलसीट चढावर सारखंच चालतं. सायलेन्सर मोकळा केल्यानं पाच टक्के जास्त हवा आली असेल, तर तिनं जवळपास पाच टक्के जास्त पेट्रोलही सोबत आणलं.

दुसऱ्या हिशेबात थोडा फरक उरतो, तो नाकारत नाही. एक्झॉस्ट आणि इनलेट असे दोन्ही व्हॉल्व्ह क्षणभर एकदम उघडे असतात. तेवढ्यात धुराच्या नळीतली दाबाची लाट मागं येऊन कार्बोरेटरपर्यंत धडकू शकते. मग तीच हवा एकदा आत, एकदा बाहेर, पुन्हा आत अशी जाते आणि दर फेरीला पेट्रोल उचलते. पण यानं मिश्रण पातळ नव्हे, दाट होतं, आणि तेही ठरावीक आरपीएमलाच. सायलेन्सर बदलला की ते आरपीएम बदलतं, म्हणजे उरलेली चूक कधी इकडं, कधी तिकडं झुकते. तिच्यावर ‘सायलेन्सर बदलला, जेट वाढवा’ असा सरसकट नियम उभा राहत नाही.

मग मिस्त्रीला गाडी लीन झालेली दिसते ती का? याचं उत्तर बहुतेक वेळा सीटखाली असतं. फ्री फ्लो बसवायला आलेला गिऱ्हाईक तेवढ्यावर थांबत नाही. एअर फिल्टर काढून तिथं उघडा कोन फिल्टर बसतो, किंवा एअर बॉक्सला ड्रिलनं भोकं पडतात. इथं सगळंच गणित फिरतं. सायलेन्सर कार्बोरेटरच्या मागं आहे, फिल्टर पुढं. फिल्टरच्या अडथळ्यामुळं कार्बोरेटरच्या तोंडाशीच दाब थोडा उतरलेला असतो, वाटीतल्या पेट्रोलवर मात्र वातावरणाचा पूर्ण दाब. हा जादा फरक जेट ठरवताना कंपनीनं हिशेबात धरलेला असतो. फिल्टर काढला की तो फरक नाहीसा होतो आणि पेट्रोल खरोखर कमी पडतं. म्हणजे फिल्टर बदलला तर जेट बदलायला हवा, हे बरोबर. पण दोन्ही कामं एकाच दुपारी झाली आणि आवाज सायलेन्सरनं केला, म्हणून नाव त्याचं.

नैयायिकांची अन्वय-व्यतिरेकाची कसोटी इथं लावून पाहावी: हे असलं की ते असतं, हे नसलं की ते नसतं. पण ती लावायची तर एका वेळी एकच गोष्ट बदलावी लागते. प्रत्यक्षात सायलेन्सर बसवताना मिस्त्री हौसेनं कार्बोरेटर धुतो, प्लग बदलतो, टॅपेट बसवतो, चेनला तेल सोडतो. गाडी हलकी झाली तर श्रेय सायलेन्सरला आणि बिघडली तर दोष जेटला. अशा अनुभवाला वीस वर्षं झाली काय नि चाळीस झाली काय, त्यातून कारण हाती लागत नाही.

आता लक्षणं पाहू. रेस सोडल्यावरचे फटाके बंद थ्रॉटलला वाजतात. त्या वेळी मेन जेट कामावरच नसतो. तो साधारण पाऊण थ्रॉटलच्या वर बोलतो. पाव ते पाऊणपर्यंत राज्य सुईचं आणि त्याखाली पायलट जेटचं. थ्रॉटल बंद असताना आत जाणारं अपुरं मिश्रण नीट पेटत नाही, तसंच गरम नळीत येतं आणि तिथं ताजी हवा मिळाली की भडकतं. ती हवा कुठून येते? बहुतेकदा बेंड पाइपच्या जुन्या पॅकिंगमधून. सायलेन्सर काढताना ते हलतं आणि पंचवीस रुपये वाचवायला तेच पुन्हा दाबून बसवलं जातं. शिवाय कंपनीच्या सायलेन्सरमध्येही छोटे फटाके होतच असतात, फक्त जाळीत जिरतात. सांगली-मिरज रस्त्याच्या गर्दीत पाऊण थ्रॉटल उघडायला कुणाला जागा मिळते, हा वेगळाच प्रश्न. मेन जेटवर एवढा खल करणाऱ्या बहुतेक गाड्या आठवडाभर पायलट जेटवरच फिरतात.

निळ्या बेंड पाइपबद्दल खरं तर कुपवाडात सांगायलाच नको. हीट ट्रीटमेंटच्या भट्टीवर काम केलेल्या कुणालाही पोलादाचे रंग पाठ असतात: आधी गवती पिवळा, मग जांभळा, आणि तीनशे अंशांच्या आसपास निळा. हेडजवळचा पाइप साध्या चालीलाही त्याच्या वर जातो, मिश्रण दाट असो की पातळ. कंपनीचा पाइप निळा दिसत नाही, कारण बऱ्याच गाड्यांत तो दुहेरी भिंतीचा असतो. तापतो तो आतला. एकेरी पाइप बसवला की रंग उघड्यावर येतो, इतकंच. आणि प्लगच्या रंगाचा नियम, बिस्किटासारखा तांबूस म्हणजे उत्तम, हा शिशाच्या पेट्रोलच्या काळातला. शिशाचं पेट्रोल देशभर २००० साली बंद झालं. आजच्या पेट्रोलवर निरोगी इंजिनाचाही प्लग फिका निघतो. त्यातून गाडी गॅरेजच्या दारात हळू आणून, आयडलिंगवर ठेवून मग प्लग काढायचा. असा प्लग फार तर दारातल्या आयडलिंगची साक्ष देईल.

तरीही गाड्या लीन चालतात हे खरं आहे, आणि अलीकडं जास्त चालतात. त्यासाठी खरा आरोपी दुसरा धरावा लागेल, आणि तो आपल्याच शिवारात वाढलाय. सांगलीच्या वसंतदादा कारखान्यापासून साखराळे, वाळवा, कुंडलपर्यंत सगळा मुलूख उसाचा. हंगामात ज्या ट्रॉलीच्या मागं आपण गाडी रेटत असतो, त्या उसापासून साखरेबरोबर इथेनॉलही निघतं आणि ते पेट्रोलमध्ये येऊन पडतं. देशात १० टक्के मिश्रणाचा टप्पा २०२२ मध्ये गाठला, २० टक्क्यांचा २०२५ मध्ये. इथेनॉलच्या वजनात जवळपास ३५ टक्के ऑक्सिजनच असतो. म्हणजे ते स्वतःची थोडी हवा बरोबर घेऊनच येतं. निव्वळ पेट्रोल पूर्ण जळायला एका भागाला १४.७ भाग हवा लागते, निव्वळ इथेनॉलला ९. वजनाच्या हिशेबानं दोन्ही मिसळले की २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला साधारण १३.५ भाग हवा पुरते. आता जुना जेट १४.७ च्या हिशेबानं भोक पाडून बसलेला. त्याला वाटीत काय आलंय ते कळत नाही. तो पूर्वीइतकंच इंधन सोडतो. परिणाम: मिश्रण सुमारे ८ टक्के पातळ.

हा आठ टक्क्यांचा आकडा इतर आकड्यांशेजारी ठेवून पाहावा. कुपवाड समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर, महाबळेश्वर साडेतेराशेच्या घरात. वर जाताना हवा विरळ होते आणि कार्बोरेटर सुमारे ४ टक्के दाट चालू लागतो. डिसेंबरातल्या पहाटेचे १३ अंश आणि एप्रिलातल्या दुपारचे ४० अंश, यांतही असाच चार-साडेचार टक्क्यांचा फरक. गरम हवेत मिश्रण दाट. म्हणजे पहाटेच्या गारठ्यात ट्यून केलेली गाडी उन्हाळ्यात वेगळीच असते. हे तिन्ही बदल कान न लावता, पाना न फिरवता होतात. पण इथेनॉल आल्यावर जेट बदलून घ्यायला कुणी गॅरेजात गेल्याचं ऐकिवात नाही. सायलेन्सर मात्र नाक्यापासून ऐकू येतो, आणि ऐकू येईल त्यालाच कारण समजायचं, अशी आपली खोड.

इथेनॉलमुळं आजवर इंजिनं फुटली कशी नाहीत, असं कुणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. पूर्ण थ्रॉटलला कंपन्या मुळातच दाट मिश्रण ठेवतात, १३ च्या जरा खाली, कारण जोर तिथंच जास्त मिळतो आणि पिस्टन गार राहतो. त्या राखीव साठ्यातून आठ टक्के वजा झाले तरी धोका लगेच येत नाही. खरी अडचण खालच्या टोकाला येते. प्रदूषणाच्या नियमांमुळं पायलटचं मिश्रण आधीच काठावर बसवलेलं, त्यातून आठ टक्के गेले की थंडीत गाडी चोकशिवाय उठत नाही, रेस धरताना बसते, सोडताना फटाके मारते. नेमकी तीच लक्षणं, जी सायलेन्सरच्या खात्यावर लिहिली जातात. आणि मेन जेट वाढवून ती थोडी कमी झाल्यासारखी वाटतात, कारण त्याच वेळी मिस्त्रीनं हवेचा स्क्रूही फिरवलेला असतो.

जेट वाढवायचाच असेल तर किती? ज्या जेटवरचा आकडा भोकाचा व्यास सांगतो, तिथं १०० म्हणजे १.०० मिलिमीटर. भोकाचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गानं वाढतं, म्हणून आठ टक्के जास्त इंधनाला व्यास फक्त चार टक्के वाढवावा लागतो: १०० च्या जागी १०४-१०५. मिकुनीच्या षटकोनी डोक्याच्या मेन जेटवरचा आकडा मात्र व्यासाचा नसून प्रवाहाचा असतो. तिथं हेच काम १०७.५ करेल. दोन्ही पद्धतींचे आकडे एकमेकांत मिसळले की घोटाळा होतो आणि तो रोज होतो. त्याहून वाईट म्हणजे जेटमध्ये तार फिरवून भोक ‘जरासं’ मोठं करणं. १.०० चं १.०५ झालं की क्षेत्रफळ दहा टक्क्यांनी वाढलं. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली तेव्हापासून लोखंड मापात आणायची विद्या या जिल्ह्यात आहे. कुपवाडच्या सीएनसीवर दिवसभर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा टॉलरन्स सांभाळणारा माणूस संध्याकाळी स्वतःच्या गाडीच्या जेटमध्ये तार घालू देतो, याचं मला नेहमी नवल वाटतं.

उलट्या बाजूचाही एक समज आहे, तो तितकाच रुजलेला: ‘इंजिनाला बॅक प्रेशर लागतं, म्हणून सायलेन्सर मोकळा करू नये.’ इंजिनाला बॅक प्रेशर कधीच लागत नाही. धूर ढकलायला खर्ची पडणारा जोर हा तोटाच. मोकळ्या पाइपनं खालच्या आरपीएमला ओढ जाते हे मात्र खरं, पण त्याचं कारण लाटेच्या वेळेत आहे. गरम धुरात लाट सेकंदाला साडेपाचशे मीटरच्या आसपास धावते. मीटरभर नळीच्या टोकाला जाऊन परत यायला तिला साडेतीन मिलिसेकंदांहून किंचित जास्त वेळ लागतो. तेवढ्यात २००० आरपीएमला क्रँक सुमारे ४४ अंश फिरतो, ४००० ला ८७, ६००० ला १३१. ही लाट व्हॉल्व्हशी योग्य वेळी पोचली तर सिलिंडर झाडून काढते, अवेळी पोचली तर धूर परत आत लोटते. नळीची लांबी आणि कप्पे बदलले की ही वेळ बदलते. आकुर्डीच्या बजाजनं दोन हजारच्या दशकात डिस्कव्हर-पल्सरच्या बेंड पाइपला इंजिनाजवळ एक छोटी डबी जोडली आणि तिला ‘एक्झॉस्टेक’ नाव दिलं, ते याच लाटेला खालच्या आरपीएमला कामाला लावण्यासाठी. म्हणजे कंपनीचा सायलेन्सर हा नुसता अडथळा नसतो, त्यात हिशेब घातलेला असतो. ५२५० आरपीएमला १९.८ हॉर्सपॉवर देणाऱ्या ३५० सीसी बुलेटमध्ये तो हिशेब मोडून हाती येतो तो मुख्यतः आवाज. आवाजाची ताकद तरी किती? अर्ध्या मीटरवर १०० डेसिबल वाजणारा सायलेन्सर ध्वनीच्या रूपात वॅटचा दोन-तीन शतांश एवढीच ऊर्जा बाहेर टाकतो. इंजिन त्याच वेळी हजारो वॅटची भाषा बोलत असतं.

मग जेटचा हा नियम मुळात आला कुठून? माझा तर्क असा की तो दोन-स्ट्रोकच्या दिवसांतला वारसा आहे. आरएक्स-१०० आपल्याकडं १९८५ पासून ९६ पर्यंत बनली आणि सांगली-कोल्हापूरकडच्या पोरांच्या दोन पिढ्या तिच्यावर वेड्या झाल्या. दोन-स्ट्रोकमध्ये सायलेन्सर हा इंजिनाचाच अवयव असतो. ताजं मिश्रण धुरासोबत निसटू पाहतं आणि फुगीर नळीतून परतलेली लाट त्याला मागं कोंबते. पूर्व जर्मनीत एमझेडच्या वॉल्टर काडेन यांनी ही विद्या इतकी पुढं नेली की १९६१ साली त्यांचं १२५ सीसीचं इंजिन २५ हॉर्सपॉवर देऊ लागलं. त्याच वर्षी त्यांचा स्वार अर्न्स्ट डेग्नर पळून सुझुकीकडं गेला आणि ती विद्या जपानला पोचली. अशा इंजिनात पाइप बदलला की सिलिंडरची भरणीच पालटते. तिथं जेट वाढवणं भागच असतं, नाही वाढवला तर पिस्टन खरंच चिकटतो. आरएक्सवर हात बसलेल्या मिस्त्रींनी तोच नियम बुलेटला लावला. अनुभव खोटा नव्हता, तो दुसऱ्या यंत्राचा होता.

इंजेक्शनच्या गाड्यांबद्दल थोडक्यात. एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, क्लासिक ३५० सुद्धा त्याच वर्षी इंजेक्शनवर गेली. इथं लोक म्हणतात, ईसीयू (इंजेक्शनचा संगणक) आपोआप जुळवून घेतो. अर्धं खरं. सरळ चालीत ऑक्सिजन सेन्सर मिश्रण तपासतो आणि ईसीयू पेट्रोल कमी-जास्त करतो; त्यात इथेनॉलची चूकही बऱ्यापैकी भरून निघते, जे कार्बोरेटरला जमत नाही. पण थ्रॉटल पूर्ण उघडला की ईसीयू सेन्सरचं ऐकणं सोडतो आणि तक्त्यावर चालतो. आणि नव्या बेंड पाइपचा जोड सेन्सरच्या आधी गळत असेल, तर बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला वाटतं मिश्रण पातळ आहे, आणि ईसीयू विनाकारण पेट्रोल ओततो. मग अ‍ॅव्हरेज पडतं, प्लग काळा होतो, आणि गिऱ्हाईक चार आकडी किमतीचा फ्युएल बॉक्स घ्यायला निघतो, जेव्हा त्याला पॅकिंग हवं असतं.

कायद्याच्या खटल्यातून मात्र सायलेन्सरला सोडवायचा माझा विचार नाही. १७५ सीसीवरच्या दुचाकीला ८० डेसिबलची मर्यादा आहे, मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० खाली दहा हजारांपर्यंत दंड आहे, आणि जप्त सायलेन्सरवर रोडरोलर फिरवल्याचे फोटो दरवर्षी छापून येतात. त्याचा तो गुन्हा सिद्धच आहे. मी फक्त दुसऱ्या खटल्याबद्दल बोलतोय.

ज्याला खरंच शोध घ्यायचा असेल त्यानं कंपनीचा सायलेन्सर आणि फिल्टर जागेवर असतानाच सुरुवात करावी. टॅपेट, पॅकिंग आणि कार्बोरेटर-इंजिनामधलं रबर आधी ठीक करावं. त्या रबराला बारीक चीर असली तर पुढची सगळी मेहनत वाया. मग बेंड पाइपला वाइडबँड लॅम्डा सेन्सरची जागा करावी. त्याला एम१८ च्या, १.५ पिचच्या आट्यांचं बुश लागतं. कुपवाडात ते टर्नर अर्ध्या तासात काढून देईल आणि टिग वेल्डर पाइपवर चढवेल. मीटरवर हवेचं प्रमाण न पाहता लॅम्डाचा, म्हणजे आत आलेली हवा भागिले पूर्ण जळायला लागणारी हवा, हा आकडा पाहावा, म्हणजे इथेनॉल किती आहे याचा हिशेब डोक्यात करावा लागत नाही. आयडलिंग, अर्धा थ्रॉटल, पूर्ण थ्रॉटल असे तिन्ही आकडे लिहून ठेवावेत, मग फक्त सायलेन्सर बदलावा आणि त्याच दिवशी, त्याच पंपाच्या पेट्रोलवर पुन्हा मोजावं. आधी पायलट, मग सुईची क्लिप, मेन जेट सगळ्यात शेवटी. हे करणाऱ्या बहुतेकांना असं दिसेल की पहिल्या मोजणीतच, कंपनीचा सायलेन्सर जागेवर असताना, गाडी लीन होती.